ताळेबंदाबाहेरचे देणे

कलकत्ता शहराच्या दक्षिण अंगाला बालीगंज नावाची एक वस्ती आहे. पूर्वेच्या टोकाला रेल्वेचे स्थानक, मध्ये गडियाहाटचा गजबजलेला चौक आणि तेथून पश्चिमेकडे कालीघाटाच्या दिशेने सरळ जाणारा रासबिहारी अव्हेन्यू, असा हा परिसर आहे. साड्यांची दुकाने, मासळीचा मोठा बाजार आणि संध्याकाळी फुलून जाणारे पदपथ ह्यांसाठी तो प्रसिद्ध आहे. आपल्या मराठी माणसांनाही हा भाग अगदी परका नाही. बालीगंज फाडीपासून निघणाऱ्या हाजरा रोडवर ‘महाराष्ट्र निवास’ आहे, आणि कलकत्त्यास जाणारे कितीतरी मराठी प्रवासी तेथे उतरत आलेले आहेत. ह्याच बालीगंजच्या रस्त्यांवरून ट्रामचे रूळ गेले आहेत. त्या रुळांच्या निमित्ताने आज एका प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. लोकांची ने-आण करणे हाच जिचा धंदा, त्या कंपनीचे समाजाला आणि सभोवतालच्या सृष्टीला काय देणे लागते, आणि ते फेडले गेले की नाही हे कोणत्या वहीत पाहावयाचे?

हा प्रश्न अलीकडे पुष्कळदा विचारला जातो, कारण त्याला आता कायद्याचा आधार मिळाला आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाने मोठ्या कंपन्यांवर एक बंधन घातले. ज्या कंपनीची निव्वळ मत्ता पाचशे कोटी रुपये, किंवा उलाढाल एक हजार कोटी, किंवा निव्वळ नफा पाच कोटी इतका अगर त्याहून अधिक असेल, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक कार्यावर खर्च केले पाहिजेत. शिक्षण, आरोग्य, पर्यावरणाचे रक्षण अशी ह्या कार्याची यादी कायद्याला जोडलेली आहे. १ एप्रिल २०१४ पासून हे कलम अंमलात आले. हेतू उत्तम आहे आणि त्यातून चांगली कामेही उभी राहिली आहेत. पण त्याच्या नियमांत एक अट आहे, तिच्याकडे सामान्य माणसाचे लक्ष सहसा जात नाही. कंपनीने आपल्या नेहमीच्या धंद्याच्या ओघात जे काही केले असेल, ते सामाजिक दायित्व म्हणून मोजता येत नाही.

सिमेंटच्या किंवा साबणाच्या कारखान्याला ही अट लावली तर ती योग्यच आहे. साबण विकला म्हणून समाजसेवा केली, असे कोणाला म्हणता येऊ नये. पण प्रवासी वाहतुकीच्या कंपनीला हाच मापदंड लावला की विचित्र स्थिती उत्पन्न होते. समजा, एखादी कंपनी धूर न सोडणारे वाहन स्वस्त भाड्यात चालविते आणि त्यामुळे तिला तोटा येतो. तिला नफाच नाही, म्हणून दोन टक्के काढावयाचा प्रश्न उद्भवत नाही. आणि तिने शहराची हवा राखली, गरिबाला कामावर पोहोचविले, ही गोष्ट तिच्या नेहमीच्या धंद्यात मोडते, म्हणून तीही मोजली जात नाही. सामाजिक दायित्वाच्या वहीत तिच्या नावापुढे शून्य लागते. उलट, धूर ओकणाऱ्या गाड्या चालवून नफा मिळविणाऱ्या कंपनीने त्यांतील दोन टक्क्यांतून चार झाडे लावली, तर तिच्या नावापुढे रक्कम दिसते. ह्यात कोणाची लबाडी नाही. वहीच मुळी दुसऱ्या प्रकारच्या धंद्यासाठी आखलेली आहे. कलकत्त्याच्या ट्राम कंपनीचा इतिहास पाहिला म्हणजे ही गोष्ट स्पष्ट होते.

कलकत्त्यात घोड्यांची पहिली ट्राम २४ फेब्रुवारी १८७३ रोजी सियालदह ते आर्मेनियन घाट ह्या मार्गावर धावली. उतारू पुरेसे मिळेनात, म्हणून त्याच वर्षी नोव्हेंबरात ती बंद पडली. पुढे १८८० च्या डिसेंबरात कलकत्ता ट्रामवेज कंपनी स्थापन झाली. तिची नोंदणी लंडन येथे झाली होती. रूळ कलकत्त्याच्या मातीत आणि भागधारक थेम्सच्या काठी, अशी तिची रचना होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिच्याकडे १६६ गाड्या, सुमारे एक हजार घोडे, सात वाफेची इंजिने आणि एकोणीस मैलांचे रूळ होते. बंगालच्या उन्हाळ्यात आणि चिखलात भरलेली गाडी ओढणाऱ्या घोड्याचे काय हाल होत असतील, ह्याची कल्पना करणे कठीण नाही. १८६१ पासूनच त्या शहरात प्राण्यांवरील क्रौर्य थांबविण्यासाठी एक संस्था काम करीत होती. कंपनीच्या पाठीमागे कोणाचा तरी जीव झिजत असतो आणि ती झीज जमाखर्चात फक्त ‘घोड्यांची खरेदी’ म्हणून उतरते, हे त्या काळातच विचारी लोकांच्या ध्यानात आले असावे.

२७ मार्च १९०२ रोजी एस्प्लनेड ते खिदिरपूर ही विजेवर चालणारी पहिली ट्राम सुरू झाली आणि घोड्यांची सुटका झाली. त्या वेळी कलकत्त्याची हवा चुली, कारखाने आणि आगबोटी ह्यांच्या कोळशाने इतकी काळवंडली होती की १९०५ साली सरकारला धुराच्या उपद्रवाविरुद्ध बंगालपुरता एक खास कायदा करावा लागला. अशा शहरात रस्त्यावरून धूर न काढता जाणारे वाहन आले. लंडनच्या कंपनीने हे काही हवेच्या कळवळ्याने केले नव्हते. वीज घोड्यापेक्षा स्वस्त पडत होती आणि वेग अधिक मिळत होता. तरीही लाभ झाला तो साऱ्या शहराला. कंपनीचा स्वार्थ आणि लोकांचे हित हे काही काळ एकाच रुळावरून चालले.

बालीगंजचा विस्तार ह्याच काळातला. १९११ चा कायदा होऊन कलकत्ता सुधार न्यास स्थापन झाला आणि त्याने दक्षिणेकडील दलदल, बागा आणि विखुरलेली खेडी ह्यांच्या जागी नवे रस्ते आखले. आज ज्याला रवींद्र सरोवर म्हणतात, ते तळे खोदून निघालेल्या मातीने आसपासची सखल जमीन भरून काढण्यात आली. रासबिहारी अव्हेन्यू रुंद ठेवण्यात आला, आणि १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्यावरून ट्राम बालीगंजपर्यंत येऊन पोहोचली. रस्त्याच्या मधल्या पट्ट्यात रूळ होते आणि त्यांच्या आजूबाजूला गवत होते. वकील, प्राध्यापक, कारकून ह्यांनी ह्या भागात घरे बांधली, ती ट्रामच्या भरवशावर. शहराच्या मध्यभागी कचेरी आणि दक्षिणेला मोकळ्या हवेत घर, ही मध्यमवर्गाची सोय ट्रामने शक्य केली. एखादी वाहतूक कंपनी रूळ टाकते तेव्हा ती वस्तीला एक अलिखित वचन देत असते. त्या वचनावर माणसे घर घेतात, मुलांची शाळा निवडतात, नोकरी पत्करतात. जमिनीचे भाव वाढतात, पण त्यांतला वाटा कंपनीकडे येत नाही. आणि सेवा बंद पडली तर होणारी अडचणही तिच्या खात्यावर पडत नाही.

ह्या अलिखित वचनाची किंमत एका पैशाची आहे असे वाटण्याजोगा प्रसंग १९५३ साली घडला. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून लाखो निर्वासित कलकत्त्यात आले होते. दक्षिणेकडील वस्त्या त्यांनी भरून गेल्या होत्या. ट्रामला त्या काळी दोन वर्ग असत. पुढच्या डब्यात पहिला आणि मागच्या डब्यात दुसरा. १ जुलै १९५३ पासून दुसऱ्या वर्गाच्या भाड्यात एक पैशाची वाढ करण्यात आली. कंपनी अजून ब्रिटिश भांडवलदारांच्या हाती होती आणि वाढीला सरकारची संमती होती. लोकांनी ती देण्याचे नाकारले. प्रथम जुन्याच दराने पैसे पुढे करण्यात आले, मग बहिष्कार, मग हरताळ, आणि पुढे जाळपोळ, अश्रुधूर व गोळीबार असा तो महिना गेला. हजारो माणसे पकडली गेली. महिना संपता संपता वाढ स्थगित करावी लागली.

आंदोलनातील हिंसेचे समर्थन कोणी करणार नाही, आणि त्यामागे राजकीय पक्षांचे बळ होते हेही खरे. पण एका पैशासाठी शहर पेटते तेव्हा तो पैसा किती जणांच्या दैनंदिन हिशेबात अडकलेला आहे, हे पाहिले पाहिजे. दिवसातून दोनदा, महिन्यातून पंचवीस दिवस आणि घरातील दोन-तीन कमावत्या माणसांनी द्यावयाचा तो पैसा होता. कंपनीच्या बाजूनेही म्हणण्यासारखे होते. रूळ जुने झाले होते, पगार वाढले होते, आणि १९४७ साली कामगारांनी प्रदीर्घ संप केला होता. खर्च कोठून भागवावयाचा? मात्र दुसऱ्या वर्गातील उतारूच्या मनात प्रश्न निराळा होता. आपला पैसा रुळांच्या दुरुस्तीला जातो की समुद्रापलीकडील लाभांशाला, हे त्याला कोणी विश्वासात घेऊन सांगितले नव्हते. हिशेब उघडा ठेवणे हे वाहतूक कंपनीचे पहिले सामाजिक दायित्व आहे, असे मी म्हणतो ते ह्याच कारणासाठी. भाडे वाढविणे हा अपराध नाही. कोणत्या कारणासाठी वाढविले हे न सांगणे मात्र लोकांचा अविश्वास ओढवून घेणे आहे.

दुसरे दायित्व रस्त्यावरून चालणाऱ्या माणसाचे. १४ ऑक्टोबर १९५४ रोजी संध्याकाळी रासबिहारी अव्हेन्यूवर, देशप्रिय पार्कजवळ, बंगालचे थोर कवी जीवनानंद दास ह्यांना ट्रामचा धक्का लागला. २२ ऑक्टोबरला रुग्णालयात त्यांचा अंत झाला. त्यांच्या मृत्यूविषयी पुढे पुष्कळ लिहिले गेले. त्या तर्कवितर्कांत शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. ट्रामचा वेग बेताचा असतो, तिचा मार्ग ठरलेला असतो, ती बाजूला वळून कोणाच्या अंगावर येत नाही; म्हणून ती मोटारीपेक्षा कमी धोक्याची मानली जाते. पण तिला बाजूला सरून कोणाला वाचविताही येत नाही. म्हणून थांब्याजवळची जागा, दिवे, घंटा, गाडीपुढची संरक्षक जाळी आणि चालकाची विश्रांती ह्या सर्व गोष्टींची जबाबदारी चालविणाऱ्यावर येते. कवीचे नाव लोकांच्या लक्षात राहिले. ज्यांची नावे कोणालाच ठाऊक नाहीत, अशा पादचाऱ्यांसाठीही हीच जबाबदारी तितकीच लागू पडते.

आता पैशाच्या बाजूकडे वळू. १९५१ साली पश्चिम बंगाल सरकार आणि कंपनी ह्यांच्यात करार होऊन त्यासंबंधी कायदा झाला. १ जानेवारी १९७२ रोजी किंवा त्यानंतर केव्हाही, दोन वर्षांची सूचना देऊन, सारी ट्राम विकत घेण्याचा अधिकार सरकारने राखून ठेवला. सार्वजनिक दृष्टीने हा अधिकार रास्त होता. परंतु त्याचा परिणाम काय झाला असेल, हे व्यवहार जाणणाऱ्यास सांगावयास नको. जे घर वीस वर्षांनी दुसऱ्याच्या हाती जाणार, त्याचे छप्पर कोण नवे करील? १९ जुलै १९६७ रोजी सरकारने कंपनीचा कारभार हाती घेतला आणि ८ नोव्हेंबर १९७६ पासून ती राज्य सरकारच्या मालकीची झाली. मधल्या काळात हावड्यातील मार्ग बंद झाले होते. १९८० च्या दशकात कलकत्त्याच्याच कारखान्यांतून नव्या गाड्या बांधून घेण्यात आल्या. १९९२ पासून ट्राम कंपनीने स्वतःच्या बसगाड्याही चालविण्यास प्रारंभ केला, म्हणजे रुळांवरचा तोटा रस्त्यावर भरून काढण्याचा यत्न केला. १९९३ साली हावड्याच्या पुलावरून ट्राम जाणे थांबले. २०१६ मध्ये राज्याच्या इतर वाहतूक संस्थांबरोबर ही कंपनीही एका महामंडळात विलीन झाली. भागधारक लंडनहून कलकत्त्यास आले खरे, पण वही तीच राहिली. ह्या मार्गावर उत्पन्न किती, खर्च किती, एवढेच तीत लिहिले जात होते.

ट्राम ज्या गोष्टी करीत होती आणि ज्या त्या वहीत उतरत नव्हत्या, त्यांतील मुख्य गोष्ट हवेची. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फिरते तेव्हा होणारा विरोध रबरी चाक डांबरावर फिरताना होणाऱ्या विरोधाहून कितीतरी कमी असतो. म्हणून तितकीच माणसे नेण्यास कमी शक्ती पुरते. रबर झिजून उडणारी बारीक धूळ ट्रामला नसते. तारेतून वीज मिळते, म्हणून जड बॅटऱ्या वाहाव्या लागत नाहीत. गाडी चाळीस-चाळीस वर्षे चालते. अर्थात एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल केली पाहिजे. ही वीज बहुतांशी कोळशापासून तयार होते. बालीगंजला निघाला नाही तो धूर दूर कोठेतरी औष्णिक केंद्राच्या धुराड्यातून निघतो, आणि त्या केंद्राच्या आसपासही माणसेच राहतात. पण एका उंच धुराड्यावर गाळणी बसविणे शक्य असते; हजारो गाड्यांच्या शेपट्यांवर ती बसविणे आणि नीट राखणे फार कठीण. शिवाय विजेचा उगम उद्या सूर्याकडे किंवा वाऱ्याकडे वळविता येतो. डिझेलच्या गाडीला ती सोय नाही.

कलकत्त्याला ह्या धुराची किंमत न्यायालयातून कळली. २००८ साली कलकत्ता उच्च न्यायालयाने १९९३ पूर्वी नोंदविलेली व्यापारी वाहने शहरातून काढून टाकण्याचा आणि जुन्या पद्धतीच्या रिक्षांना स्वच्छ इंधनाकडे वळविण्याचा आदेश दिला. २००९ पासून त्याची अंमलबजावणी झाली तेव्हा अनेक बसमालकांवर आणि रिक्षाचालकांवर कर्जाचा बोजा आला. म्हणजे इतकी वर्षे जो खर्च शहराच्या फुप्फुसांवर टाकला जात होता, तो एकदम गरीब धंदेवाल्यांच्या अंगावर आला. ह्याच शहरात धूर न काढणारी गाडी एका शतकाहून अधिक काळ चालू होती, आणि तिच्या खात्यावर मात्र ‘तोटा’ हा एकच शब्द लिहिलेला होता. २०१९ पासून कोलकात्यात विजेवर चालणाऱ्या बसगाड्या आल्या. त्या अवश्य याव्यात. पण त्यांची बॅटरी कोठल्या खाणीतील धातूंची बनते, निकामी झाल्यावर तिचे काय करावयाचे, हेही त्या कंपनीच्या दायित्वात धरले पाहिजे.

ट्रामच्या विरुद्ध बाजूचे म्हणणे ऐकल्याशिवाय निवाडा करणे योग्य होणार नाही. कोलकात्यात रस्त्यांनी व्यापलेली जागा शहराच्या क्षेत्रफळाच्या सहा-सात टक्क्यांच्या आसपासच आहे, असे सांगितले जाते. वाहने वाढत आहेत. ट्राम थांबली की तिच्यामागे सारी रांग थांबते. तिला वळता येत नाही. रस्त्याच्या मध्ये उतरणाऱ्या उतारूस दोन्हीकडून येणाऱ्या गाड्या चुकवीत पदपथ गाठावा लागतो. रुळांमध्ये दुचाकीचे चाक अडकून पडणारेही आहेत. वाहतूक पोलिसांची ही तक्रार खोटी नाही. मात्र एका गोष्टीचा विसर पडू नये. रासबिहारी अव्हेन्यूसारख्या रस्त्यावर ट्रामला एके काळी स्वतंत्र पट्टा होता. तो पुढे सपाट करून मोटारींना मोकळा करून देण्यात आला, आणि मग ट्राम मोटारींच्या वाटेत येते अशी तक्रार सुरू झाली. कोण कोणाच्या वाटेत आले, हे रस्त्यावरील जागा कोणाची मानावयाची ह्यावर अवलंबून आहे. एका मोटारीत एक-दोन माणसे बसतात. ट्राममध्ये त्यांच्या कितीतरी पट.

जगातील इतर शहरांनी ह्याचे उत्तर निरनिराळे दिले. पॅरिसने १९३८ पर्यंत आपल्या ट्राम काढून टाकल्या आणि १९९२ मध्ये उपनगरांत त्या पुन्हा आणल्या. झ्युरिकच्या नागरिकांनी १९६२ आणि १९७३ अशा दोन मतदानांत ट्राम किंवा तिच्या जागी येणारी रेल्वे जमिनीखाली नेण्याच्या योजना नाकारल्या, आणि रस्त्यावरच्या ट्रामला अग्रक्रम दिला. मेलबर्नने आपले जाळे राखले. त्या शहरातील आणि कलकत्त्यातील ट्रामप्रेमी १९९६ पासून एकमेकांशी मैत्री ठेवून आहेत. ज्यांनी ट्राम राखली, त्यांनी तिला आधी मोकळी वाट दिली.

बंगालमध्ये २०२३ साली ट्रामची दीडशे वर्षे साजरी झाली. तोपर्यंत मोजकेच मार्ग उरले होते, आणि त्यांतील एक बालीगंज ते टॉलीगंज, तर दुसरा गडियाहाट ते एस्प्लनेड, म्हणजे दोन्ही आपल्या ह्या परिसरातलेच. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्याच्या परिवहन मंत्र्यांनी जाहीर केले की मैदान ते एस्प्लनेड हा एक मार्ग वारसा म्हणून ठेवून बाकीची ट्राम बंद करावयाची. प्रकरण उच्च न्यायालयापुढे होतेच. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने रूळ डांबराखाली गाडण्यास मनाई केली. त्यापूर्वी, २०१० च्या दशकात, ट्रामडेपोंच्या काही जमिनी दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने बांधकामासाठी देण्याचे धोरण आखण्यात आले होते. ज्या जमिनीला ट्राममुळे मोल आले, ती जमीन अखेर ट्रामपेक्षा मोलाची ठरावी, हा ताळेबंदाच्या तर्काचा शेवट होय. वारसा म्हणून एक गाडी मैदानात फिरविणे आणि कामावर जाणाऱ्या बाईला रोज वेळेवर गाडी देणे, ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली पाहुण्यांसाठी असते. दायित्व दुसऱ्या गोष्टीत आहे.

हे सारे बंगालचे आहे, आपल्याला काय त्याचे, असे कोणी म्हणू नये. मुंबईत ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली आणि ७ मे १९०७ रोजी विजेची. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदर ते दादर अशी शेवटची ट्राम गेली. तो निर्णय घेताना हवेचा हिशेब कोणी मांडला असेल असे वाटत नाही. परंतु मुंबईने दुसरी एक गोष्ट केली होती, ती अभ्यासण्यासारखी आहे. ७ ऑगस्ट १९४७ रोजी महापालिकेने वीज आणि वाहतूक अशी दोन्ही कामे करणारी कंपनी ताब्यात घेतली. तोच आपला ‘बेस्ट’ उपक्रम. विजेच्या खात्यातील शिलकीतून बसचा तोटा भरून निघत असे. जो दिवा लावतो, त्याने बसमध्ये उभा राहणाऱ्याचे थोडे ओझे उचलावे, असा तो न बोललेला करार होता. २००३ च्या वीज कायद्यानंतर ह्या व्यवस्थेवर आक्षेप आले आणि पुढे ती वसुली थांबली. वीज ग्राहकाच्या दृष्टीने हे न्याय्य असेल. पण बसचा भार दुसऱ्या कोणी उचलावयाचा हे मात्र ठरले नाही. मे २०२५ मध्ये बेस्टचे किमान भाडे पाच रुपयांवरून दहा रुपये झाले. १९५३ च्या त्या एका पैशाची आठवण अशा वेळी होते.

आपल्या एस.टी.चेही तसेच आहे. १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याने महामंडळांना दोन गोष्टी एकाच वेळी सांगितल्या आहेत. धंद्याच्या तत्त्वांवर कारभार करा, आणि लोकांना पुरेशी, काटकसरीची व सुसूत्र सेवा द्या. त्याच कायद्याच्या तिसाव्या कलमात नफ्याचा काही भाग उतारूंच्या सोयी आणि कामगारांचे कल्याण ह्यांवर खर्चण्याची तरतूद आहे. म्हणजे ‘सामाजिक दायित्व’ हा शब्द रूढ होण्यापूर्वी साठ वर्षे ती कल्पना आपल्या कायद्यात होती; फक्त तिला नफ्याची अट होती. १७ मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात स्त्रियांना एस.टी.चे अर्धे तिकीट लागते. त्या निर्णयाने कितीतरी स्त्रिया माहेरी, बाजाराला, दवाखान्यात जाऊ शकल्या असतील. अशा सवलतीची भरपाई राज्याने वेळेवर आणि पूर्ण दिली, तर ते समाजाचे दायित्व समाजाने उचलणे झाले. ती थकली, तर तोच बोजा चालकाच्या पगारावर आणि जुन्या गाड्यांच्या दुरुस्तीवर पडतो, आणि वर्षाच्या अखेरीस महामंडळ पुन्हा ‘तोट्यात’ दिसते.

तेव्हा करावयाचे काय? वाहतूक संस्थांनी तोटा कसाही वाढवावा, असे माझे म्हणणे नाही. गैरकारभार, उधळपट्टी, रिकाम्या फेऱ्या ह्यांना समाजसेवेचे नाव देऊन झाकता येणार नाही. उलट, गैरकारभाराचा तोटा आणि लोकहिताचा तोटा हे वेगळे ओळखू यावेत, म्हणूनच नव्या वहीची आवश्यकता आहे. तिच्यात चार रकाने पुरेत. ह्या वर्षी किती माणसांना, किती भाड्यात, किती नियमाने पोहोचविले, हा पहिला. उतारू व पादचारी ह्यांच्या किती अपघातांची चौकशी होऊन काय सुधारणा केली, हा दुसरा. कामगाराच्या कामाचे तास, विश्रांती आणि पगार, हा तिसरा. दर माणसामागे किती इंधन किंवा वीज लागली आणि किती धूर निघाला, हा चौथा. आपल्या देशात शेअरबाजारातील सर्वांत मोठ्या एक हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून अशा प्रकारचा पर्यावरणविषयक आणि सामाजिक अहवाल देणे सक्तीचे झाले आहे. लोकांच्या मालकीची वाहतूक मंडळे शेअरबाजारात नसतात, म्हणून ती त्यातून सुटतात. ज्यांचे भागधारक आपण सर्वजण आहोत, त्यांनीच आपल्याला असा अहवाल देऊ नये, हे उलटे नाही काय?

ही वही समोर असती, तर रासबिहारी अव्हेन्यूवरचे रूळ ठेवावेत की उखडावेत, ह्याचा निर्णय कदाचित तोच झाला असता, कदाचित निराळा झाला असता. पण तो आंधळेपणाने झाला नसता. आज बालीगंजच्या एखाद्या जुन्या रहिवाशाला विचारले, तर तो ट्रामचा नफा-तोटा सांगणार नाही. आईचा हात धरून आपण कोठे चढलो, परीक्षेला कोणत्या गाडीने गेलो, म्हाताऱ्या वडिलांना उतरताना वाहकाने कसा हात दिला, हे तो सांगेल. त्या हाताची नोंद कोणत्याही जमाखर्चात नाही. ती घ्यावयाची सवय आपण लावून घेतली, तर आपल्या गावची बस बंद करण्याचा ठराव येईल तेव्हा तिचे सारे देणे-घेणे आपल्याला नीट वाचता येईल.